जंतू मेले, मग किडनी का गेली?

गेल्या शनिवारी आईकडे माळा आवरायचा कार्यक्रम होता. माळा आवरणे म्हणजे काय ते सांगायला नकोच. दोन तास धूळ, एक तास जुने फोटो आणि शेवटी सगळं होतं तिथेच परत! या खेपेला मात्र एक फुगलेली प्लास्टिकची फाइल हाताला लागली. वर आईच्या अक्षरात लिहिलेलं : "दादा, रिपोर्ट". दादा म्हणजे माझे मोठे मामा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. फाइल उघडली आणि गेले कित्येक महिने डोक्यात घोळणारा विषय एकदाचा लिहून काढायचं ठरवलं.

तर झालं होतं असं. २००६ च्या पावसाळ्यापासून मामांना लघवीला जळजळ व्हायला लागली. रात्री सहा-सात वेळा उठावं लागायचं. तपासणी केली की रिपोर्टात दोन ओळी ठरलेल्या. पस सेल्स : भरपूर. कल्चर : नो ग्रोथ. म्हणजे लघवीत पू आहे, पण जंतू काही वाढत नाहीत. दर वेळी नवीन अँटिबायोटिक, आठ दिवस बरं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे चौदा महिने गेले. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी लागोपाठ तीन दिवसांची सकाळची पहिली लघवी टीबीसाठी तपासायला पाठवली आणि निदान झालं : किडनीचा टीबी.

सहा महिने गोळ्या झाल्या. मामांनी एकही गोळी चुकवली नाही. कोर्स पूर्ण, जंतू नाहीत, "तुम्ही बरे झालात." आणि आठ महिन्यांनी पाठीत दुखायला लागलं म्हणून फोटो काढला, तर डावी किडनी फुगून पार निकामी झालेली. काढावी लागली. त्या सहा महिन्यांत एकदाही कुणी साधी सोनोग्राफी सांगितली नव्हती. (दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आता त्याचा उपयोगही नाही.)

ऑपरेशननंतर मामा मला म्हणाले, "अरे, तू एवढा शिकलेला. हे म्हणतात जंतू मेले. मग किडनी का गेली?" मी म्हणालो, "विचारून सांगतो मामा." सांगितलं मात्र कधीच नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आज सांगतोय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा चूभूद्याघ्या.

आधी ते "नो ग्रोथ" प्रकरण संपवू. नेहमीचा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला त्याच कामाला वीसेक तास लागतात. लघवीचं साधं कल्चर दोन दिवसांत बघून टाकून देतात, आणि टीबीचा जंतू खास माध्यमावर वाढायला सहा ते आठ आठवडे घेऊ शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर क्वेरी टाइमआउट झाली आणि आपण समजलो की डेटाच नाही. पू आहे आणि जंतू नाही, हे उत्तर नसून प्रश्न आहे, हे त्या चौदा महिन्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता मूळ प्रश्न. त्याचं उत्तर किडनीत नाही, किडनीखालच्या नळीत आहे. या नळीला मूत्रवाहिनी म्हणतात, डॉक्टर लोक युरेटर म्हणतात. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर. माझी इतकी वर्षं समजूत होती की ही घराच्या गच्चीवरून येणाऱ्या पाइपासारखी आहे, वर टाकी, खाली नळ, पाणी आपोआप उतरतं. तसं असतं तर झोपल्यावर आपली पंचाईत झाली असती! मूत्रवाहिनी हा स्नायू आहे. मिनिटाला साधारण दोन ते सहा वेळा, किडनीच्या बाजूला एक लाट उठते आणि सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या वेगानं खाली जाते. नळी त्या जागी पूर्ण मिटते आणि पुढ्यातला लघवीचा घोट ढकलत नेते. गाईचं दूध काढणाऱ्याची बोटं आठवा. वरून मिटत खाली येतात, तसंच काहीसं.

ही लाट कोण उठवतं? मेंदू? मज्जातंतू? १८६९ साली हॉलंडमधल्या युट्रेख्टला एका पंचविशीतल्या पोरानं याचं उत्तर शोधलं. त्याचं नाव थिओडोर विल्हेल्म एंगेलमान. अकरावीला बायॉलॉजी घेतलेल्यांना हे नाव आठवेल : शेवाळावर लोलकातून रंगीत प्रकाश पाडून, ऑक्सिजनकडे धावणारे जंतू कुठल्या रंगात गोळा होतात ते बघणारा तो हाच. पण त्याच्या आधी त्यानं सशाच्या मूत्रवाहिनीवर काम केलं होतं. त्याला दिसलं की नळीच्या मधल्या भागात मज्जापेशी जवळपास नसतातच, तरी तो तुकडा आकुंचन पावतो आणि लाट पुढे नेतो. मध्ये डिवचलं तर लाट वर आणि खाली दोन्हीकडे जाते. त्यानं निष्कर्ष काढला की इथे हुकूम बाहेरून येत नाही, स्नायूच स्नायूला सांगतो. एका पेशीकडून दुसरीकडे, कानगोष्टींच्या खेळासारखं. पुढे हाच विचार त्यानं हृदयाला लावला. (हा माणूस संगीतवेडाही होता. ब्राम्स या मोठ्या संगीतकारानं आपली एक रचना त्याला अर्पण केली आहे. असो.)

कानगोष्टींच्या खेळात एक अट असते. ओळीतला प्रत्येक जण जागेवर पाहिजे. मधले चार उठून गेले की निरोप तिथेच संपला. ही अट लक्षात ठेवा, मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

आता बर्लिनला जाऊ. २४ मार्च १८८२ ची संध्याकाळ. रॉबर्ट कॉख नावाचा डॉक्टर तिथल्या शरीरक्रियाशास्त्र मंडळापुढे उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की क्षय हा एका जंतूमुळे होतो, आणि हा बघा तो जंतू. बरोबर दोनशेहून जास्त नमुने आणले होते. व्याख्यान संपल्यावर कुणी प्रश्नच विचारला नाही म्हणतात. लोक उठून मुकाट्यानं सूक्ष्मदर्शकाकडे गेले. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात तो याच व्याख्यानामुळे.

मला गंमत वाटली ती जागेची. हे व्याख्यान झालं बर्लिनच्या फिजिऑलॉजी संस्थेच्या वाचनखोलीत. या संस्थेचे प्रमुख होते एमिल द्यु ब्वा-रेमों, म्हणजे स्नायू आणि मज्जातंतूंमध्ये वीज खेळते हे मोजून दाखवणारा, या शास्त्राचा पाया घालणारा माणूस. आणि १८९६ मध्ये ते वारल्यावर १८९७ साली त्यांच्या खुर्चीत कोण येऊन बसलं? आपला एंगेलमान! म्हणजे टीबीचा जंतू ज्या संस्थेत जगापुढे आला, तिथेच स्नायूंच्या विजेचा अभ्यास चालू होता आणि मूत्रवाहिनीची लाट समजलेला माणूस पुढे तिचा प्रमुख झाला. दोन्ही गोष्टी एका छपराखाली होत्या. तरीही जंतूवाले आणि वीजवाले त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं आपापल्या वाटेनं चालत राहिले. आमच्या कंपनीत एकाच मजल्यावरच्या दोन टीम एकमेकींच्या मीटिंगला जात नाहीत, तेव्हा मी कुणाला बोलू?

त्याच सुमाराला लंडनला तिसरी गोष्ट घडत होती. सिडनी रिंगर हे युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉक्टर बेडकाचं हृदय द्रावणात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते बघत होते. १८८२ मध्ये त्यांनी लिहिलं की मिठाच्या द्रावणात थोडं पोटॅशियम घातलं की हृदय छान चालतं. आणि १८८३ मध्ये त्यांनी पुन्हा लेख लिहिला : माफ करा, चूक झाली. द्रावण शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात केलंय असं मी समजत होतो, ते निघालं नळाच्या पाण्याचं! न्यू रिव्हर वॉटर कंपनीचं पाणी. हा न्यू रिव्हर म्हणजे १६१३ साली खोदून आणलेला कालवा, हर्टफर्डशरमधल्या खडूच्या दगडातून निघणाऱ्या झऱ्यांचा. खडू म्हणजे कॅल्शियम. डिस्टिल्ड पाण्यात द्रावण करून बघितलं तर ठोके मंदावत थांबले, चिमूटभर कॅल्शियम घातलं की परत सुरू.

ज्यांनी कधी "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य ऐकलंय, त्यांना या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. न दिसणारी डिपेंडन्सी नळातून येत होती. पण रिंगर यांनी चूक लपवली नाही, चुकीचाच शोध लावला. स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं, हे जगाला तिथे कळलं. दवाखान्यात आपल्या माणसाला "आरएल लावलंय" म्हणतात ना, त्यातला आर म्हणजे हेच रिंगर. मामांनाही ऑपरेशननंतर त्याच बाटल्या लावल्या होत्या, फाइलमध्ये बिलं आहेत.

हे कॅल्शियम करतं काय, ते कळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली. अमेरिकेत एमिल बोझलर यांनी १९४२ मध्ये मूत्रवाहिनीसारख्या अवयवांच्या स्नायूंतली वीज नोंदवली आणि दाखवलं की या पेशी एकजुटीनं, जणू एकच मोठी पेशी असल्यासारख्या वागतात. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या (म्हणजे स्क्विडच्या) जाड मज्जातंतूवर काम करून सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करण्याचं गणित मांडलं. आणि १९७६ मध्ये नेहर आणि साकमान या जर्मन जोडीनं काचेच्या बारीक नळीचं टोक पेशीला चिकटवून एकेका दारातून जाणारी वीज मोजली. या दारांनाच आयन चॅनल म्हणतात. १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं.

दारांचं काम सोप्या भाषेत असं. स्नायूच्या पेशीत आतली बाजू बाहेरच्या मानानं ऋण भाराची असते. किडनीजवळच्या काही पेशी ठरावीक वेळानं आपणहून चाळवतात, त्या पेसमेकर. त्यांचा धक्का शेजारच्या पेशीला बसला की तिची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, पेशी आकसते. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी शांत होते आणि पुढच्या फेरीला तयार होते. मधल्या वेळात धक्का पुढच्या पेशीला पोचलेला असतो, कारण दोन पेशींच्या मध्ये थेट भुयारं असतात. कॅल्शियम म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पोटॅशियम म्हणजे ब्रेक, भुयारं म्हणजे वायरिंग. ब्लडप्रेशरच्या गोळीतलं निफेडिपिन हे औषध कॅल्शियमची हीच दारं बंद करतं. प्रयोगशाळेत मूत्रवाहिनीच्या तुकड्यावर ते टाकलं की तुकडा धडधडायचा थांबतो.

आता टीबी या नळीत शिरतो कसा? बहुतेक वेळा फुप्फुसातून रक्तावाटे. १९२६ मध्ये मेडलर यांनी फुप्फुसाच्या टीबीनं वारलेल्या माणसांच्या किडन्या बारीक कापून तपासल्या. हयातीत किडनीची काही तक्रार नसलेल्यांच्याही दोन्ही किडन्यांत इवल्या इवल्या गाठी होत्या, काही बऱ्या झालेल्याही. म्हणजे जंतू किडनीत कधीच येऊन बसतो. वर्षानुवर्षं गप्प राहतो, मग एखादी गाठ फुटते आणि जंतू लघवीबरोबर नळीत उतरतो.

नळीच्या भिंतीत दाह होतो, सूज येते, गाठी होतात. आणि मग शरीर जखम भरतं. भरतं म्हणजे काय, तर तंतूंचा व्रण तयार करतं. व्रणाच्या तंतूंना ना कॅल्शियमची ती चपळ दारं, ना भुयारं. ते आकसतात ते कायमचेच. नळी कुठे आवळते, कुठे फुगते, मण्यांच्या माळेसारखी दिसते, तर कधी पाइपासारखी ताठ होते. सगळ्यात जास्त आवळते ती खाली, मूत्राशयात शिरते त्या टोकाला. १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरनं, तेही बर्लिनमध्येच काम करताना, शिरेतून आयोडिनचं औषध देऊन या नळीचा एक्स-रे काढायची युक्ती पक्की केली आणि हे चित्र जिवंत माणसात सहज दिसायला लागलं. मामांच्या फाइलमधला "आयव्हीपी" तो हाच. उजवीकडे पांढरी रेघ, डावीकडे काहीच नाही.

पण आवळणं ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी लाटेची आहे. १९६० च्या दशकात ई. कोलाय जंतूंचा मूत्रवाहिनीवर काय परिणाम होतो ते प्रयोगात बघितलं गेलं, तेव्हा लाटा मंदावलेल्या दिसल्या. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संशोधकांनी माणसाच्या आणि उंदराच्या मूत्रवाहिनीचे तुकडे घेऊन त्याचं कारण थेट दारांपर्यंत नेलं : त्या जंतूंमुळे कॅल्शियम आत येणं कमी झालं आणि पोटॅशियमची दारं उघडली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय निघाला, ब्रेकवर पडला. वाट कुठेही आवळलेली नसताना नळी ढिली पडली.

टीबीचा जंतू ई. कोलायपेक्षा निराळा आहे, त्याच्याकडे ई. कोलायसारखं एंडोटॉक्सिन नसतं, तेव्हा तिथलं गणित इथे जसंच्या तसं लावता येणार नाही. पण एंगेलमानची अट इथेही लागू आहेच. सुजलेल्या भिंतीत पेशी एकमेकींपासून दुरावतात, व्रणात त्या नाहीशा होतात, आणि निरोप तिथे थांबतो. वर लघवी साठते, नळी ताणून रुंद होते. रुंद झालेली नळी लाट आली तरी पूर्ण मिटत नाही, त्यामुळे घोट पुढे सरकत नाही, उलट दाब वर किडनीवर जातो. किडनी महिनोन् महिने तो दाब सोसते आणि संपते. बऱ्याचदा फारसं न दुखता. जंतूंनी किडनी खाल्ली असं आपण म्हणतो, पण कित्येकदा ती तुंबून मरते.

आता औषधाकडे. १९४३ साली अमेरिकेत रटगर्सला वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्यानं स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, साठच्या दशकात रिफाम्पिसिन (लघवी केशरी करणारं ते हेच). आपल्याकडे १९५६ साली मद्रासला स्थापन झालेल्या केंद्रानं १९५९ मध्ये दाखवून दिलं की सॅनटोरियममध्ये न ठेवता घरी औषधं देऊनही टीबी तितकाच बरा होतो. मामांचा उपचार घरी, नोकरी सांभाळून झाला, तो या कामाच्या पुण्याईवर.

पण औषधं आल्यावर सर्जन लोकांना एक विचित्र गोष्ट दिसली. काही रोग्यांत जंतू मरत होते आणि नळी मात्र त्याच काळात आवळत होती. जखम भरणं आणि व्रण धरणं या दोन गोष्टी नाहीतच, एकच आहे. लिव्हरपूलचेच (पुन्हा तेच गाव, काय योगायोग बघा) एक सर्जन जे. जी. गो यांनी आयुष्यभर या रोगाचा माग ठेवला. ३४ वर्षांतल्या १११७ रोग्यांचा आढावा त्यांनी १९८४ मध्ये छापला. त्यांची शिस्त अशी होती की खालच्या टोकाला नळी आवळलेली असेल तर औषधं सुरू केल्यावर दर आठवड्याला फोटो काढायचा. नुसती सूज असेल तर ती काही आठवड्यांत उतरते. उतरली नाही, वाढली, तर वाट बघायची नाही : नळी रुंद करायची किंवा आवळलेला भाग काढून पुन्हा जोडायची. १९७८ पासून तर दोन्ही टोकांना वळण असलेली बारीक नळी, डीजे स्टेंट, आत ठेवायची सोय झाली आहे. म्हणजे मामांच्या कितीतरी आधीपासून हे सगळं पुस्तकात होतं.

आता कॉखचे वारस आणि एंगेलमानचे वारस यांची वाट पुन्हा एका ठिकाणी यायला लागली आहे, याचं मला बरं वाटतं. पण सामान्य माणसाला त्यासाठी थांबायची गरज नाही. माझ्यासारख्या अडाण्याला समजलेल्या दोन गोष्टी सांगतो. लघवीत पू आणि कल्चरमध्ये काही नाही असं पुन्हा पुन्हा आलं, तर डॉक्टरांना "टीबी असेल का?" असं तोंडानं विचारा. (आता लघवीवर सीबीनॅट ही तपासणी होते, तिला आठवडे लागत नाहीत.) आणि किडनीचा टीबी निघालाच, तर गोळ्या चालू असताना, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, "सोनोग्राफी परत कधी करायची?" हेही विचारा. किती दिवसांनी, ते डॉक्टर ठरवतील. पण विचारा.

रविवारी फाइल घेऊन मामांकडे गेलो. मामा आता निवृत्त, एका किडनीवर ठणठणीत आहेत. चहा झाला आणि मी हे सगळं, कॉख, बेडूक, नळाचं पाणी, अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे डिझेलमधला कचरा काढला, पण पंप मारतोय की नाही ते कुणी बघितलंच नाही म्हण की."

मी म्हणालो, "हो मामा."

"आमच्या डेपोत," मामा कप खाली ठेवत म्हणाले, "कचरा काढल्यावर गाडी चालवून बघितल्याशिवाय कुणी सही करत नव्हतं."